चार गावं, एक महिना: दोघांनी सावकाश युरोप करायचा तर

पंधरा दिवसांत सात देश दाखवणाऱ्या सहलींना नावं ठेवायचं कारण नाही. भाषेची धास्ती असते, बॅगा-पासपोर्ट सांभाळायचा ताण असतो, अशांची त्यात छान सोय होते. पण त्या सहलीत तिथली माणसं भेटत नाहीत. भेटतात ती बसमधली आपलीच. तुम्ही दोघंच असाल, महिनाभर सवड काढता येत असेल आणि रोज पहाटे बॅगा खोलीबाहेर ठेवायचा कंटाळा असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

माझं मत सरळ आहे. तिथल्या रीतीभाती यादी पाठ करून येत नाहीत. एका गावात निदान एक अख्खा आठवडा, म्हणजे एक रविवार धरून, राहिलात की त्या अंगवळणी पडायला लागतात. दुकानं कधी बंद होतात, जिन्यात भेटलेल्या म्हाताऱ्याला काय म्हणायचं, बिल कसं मागायचं हे तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळतं आणि सहाव्या दिवशी आपण ते न ठरवता करतो. म्हणून गावं कमी, मुक्काम लांब.

आधी मार्ग ठरवा

नमुन्यादाखल एक मार्ग देते: व्हिएन्ना दहा रात्री, लुब्लियाना चार, त्रिएस्ते पाच, बोलोन्या आठ. आठवड्याचा नियम पहिल्या आणि शेवटच्या गावाला, मधले दोन मुक्काम छोटे. तीन देश, चार घरं, मधे एकही विमान नाही.

हा मार्ग मी उगाच निवडलेला नाही. व्हिएन्नाहून त्रिएस्तेच्या बंदरापर्यंत जाणारी दक्षिण रेल्वे १८५७ मध्ये पूर्ण झाली. तेव्हा व्हिएन्ना, लुब्लियाना आणि त्रिएस्ते हाब्सबुर्ग या राजघराण्याच्या एकाच साम्राज्यात होती. साम्राज्य १९१८ मध्ये संपलं, पण कॉफी, केक आणि वाईनच्या सवयी सीमा ओलांडून तशाच राहिल्या. एका गावात शिकलेली रीत पुढच्या गावात थोड्या वेगळ्या वेषात भेटते, त्यामुळे दर वेळी पाटी कोरी करून शिकावं लागत नाही. बोलोन्या त्या साम्राज्यातलं नव्हे. ते मी जेवणासाठी जोडलंय, आणि त्याबद्दल कुणी तक्रार करेल असं वाटत नाही.

महिना निवडताना मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर धरा. ऑगस्टमध्ये इटलीतली माणसं स्वतःच सुटीवर जातात. १५ ऑगस्टच्या आसपास गल्लीतली चांगली खानावळ कुलूपबंद असते आणि उघडी असतात ती पर्यटकांसाठीची ठिकाणं. व्हिएन्नाचा ऑपेराही जुलै-ऑगस्टमध्ये बंद असतो. ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी त्रिएस्तेत बार्कोलाना ही शिडाच्या होड्यांची प्रचंड शर्यत असते. ती पाहायचीच असेल तर घर फार आधी घ्या, नसेल तर तो आठवडा टाळा.

विमानाचं तिकीट जाताना व्हिएन्ना आणि येताना बोलोन्या किंवा व्हेनिस असं काढा. एअरलाइनच्या साइटवर 'मल्टी-सिटी' हा पर्याय असतो. पहिल्याच गावी परत येण्यात एक दिवस आणि रेल्वेचं भाडं फुकट जातं. आणि शनिवारी संध्याकाळी उतरू नका. का, ते पुढे येईलच.

व्हिसा: अर्ज कुठल्या देशाकडे?

इथे बरेच जण गडबडतात. उतरणार व्हिएन्नाला, सर्वांत लांब मुक्काम व्हिएन्नाचा, म्हणजे अर्ज ऑस्ट्रियाकडे असं वाटतं. पण नियम गावाचा नसून देशाचा आहे. त्रिएस्तेच्या पाच आणि बोलोन्याच्या आठ मिळून इटलीच्या तेरा रात्री होतात, ऑस्ट्रियाच्या दहाच. तेव्हा या मार्गासाठी अर्ज इटलीकडे करायचा. दोन देशांतले दिवस अगदी सारखे आले, तर जिथे प्रथम प्रवेश करणार त्या देशाकडे.

या व्हिसाला शेंगेन म्हणतात, युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून तो एकच चालतो. त्याची प्रौढांसाठीची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे. व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क त्याशिवाय. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळणं मुश्कील होतं, म्हणून तीन महिने आधी हालचाल सुरू करा. आरोग्य विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांना लागू असणारा हवा. परतीच्या तारखेनंतर पासपोर्टची मुदत तीन महिने तरी शिल्लक हवी आणि दोन पानं कोरी हवीत. राहण्याचं आरक्षण रद्द करता येण्याजोगं घ्या. व्हिसा हातात पडल्यावर मग रेल्वेची स्वस्त, परत न होणारी तिकिटं काढा.

आधी शेंगेनला जाऊन आलेल्यांसाठी एक चांगली गोष्ट. गेल्या तीन वर्षांत दोन व्हिसे मिळवून नीट वापरले असतील, तर २०२४ च्या नियमांनुसार भारतीयांना दोन वर्षांचा अनेक-प्रवेश व्हिसा मिळू शकतो, आणि त्यानंतर पाच वर्षांचा. मुदत कितीही असो, कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर शिक्क्याच्या जागी बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. पहिल्या खेपेला वेळ लागतो. उतरल्यावर लगेच सुटणारी गाडी पकडायचा बेत करू नका. व्हिसा इटलीचा आणि उतरताय ऑस्ट्रियात, तेव्हा चारही घरांची आरक्षणं कागदावर छापून हातातल्या पिशवीत ठेवा.

घर घेताना

मुक्काम चार-पाच रात्रींचा किंवा त्याहून लांब असेल तर हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेलं छोटं घर बरं. पैसे वाचतात हा एक भाग. दुसरा असा की घर असलं की कचरा टाकावा लागतो, भाजी आणावी लागते, शेजारी दिसतो, आणि शिकणं तिथेच होतं.

गुडघे कुरकुरत असतील तर एक गोष्ट आवर्जून विचारा: लिफ्ट आहे का, आणि रस्त्यापासून पायऱ्या किती? व्हिएन्नाच्या जुन्या इमारतींत तळमजल्यानंतर 'होखपार्टेरे', मग 'मेत्सानीन' आणि त्यानंतर पहिला मजला सुरू होतो. 'दुसरा मजला' वाचून घर घ्यावं आणि बॅगा चौथ्यावर चढवाव्यात, असं होतं.

घरमालक पासपोर्टची माहिती मागतात तेव्हा घाबरू नका. इटलीत पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे करणं मालकावर बंधनकारक आहे. माणशी, रात्रीगणिक शहरकर असतो. तो बऱ्याचदा भाड्यात धरलेला नसतो आणि रोख मागितला जातो.

ऑस्ट्रियात रात्री दहा ते सकाळी सहा ही शांततेची वेळ. कपडे धुण्याचं यंत्र, मोठ्याने गप्पा, भारतात व्हिडिओ कॉल, सगळं तेव्हा बंद. रविवारीही यंत्रांचा गोंगाट शेजाऱ्यांना चालत नाही. बूट दाराशी काढायचे हे ऑस्ट्रियात आणि स्लोव्हेनियात आपल्यासारखंच आहे. कुणाच्या घरी गेलात तर सपाता पुढे केल्या जातात.

इटलीतल्या न्हाणीघराबद्दल मात्र आपण खूश होतो. १९७५ च्या सरकारी आदेशानुसार तिथल्या प्रत्येक घरात निदान एका न्हाणीघरात बिडे, म्हणजे पाण्याने धुण्यासाठीचं बसकं भांडं, असावाच लागतो. व्हिएन्नात ती सोय नाही, बाटली जवळ बाळगा.

बॅगेत काय न्यायचं नाही

युरोपियन संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे साजूक तूप, पेढे, खव्याच्या वड्या, श्रीखंड घरीच. ताजी फळं-भाजीही प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. हापूस नाही, कढीपत्ता नाही. अननस, केळी, नारळ, खजूर आणि ड्युरियन यांना मात्र सूट आहे. नारळ न्यायची हौस असेल तर कायद्याची आडकाठी नाही. भाजणी, मेतकूट, कोरडे मसाले, पोहे व्यवस्थित जातात.

रोजच्या औषधांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा, आणि तीत गोळीच्या ब्रँडबरोबर मूळ औषधाचं नाव असू द्या. फोडणीचं सांगायलाच हवं: बऱ्याच घरांतला पंखा धूर बाहेर टाकत नाही, तो फक्त गाळून परत खोलीत सोडतो. वर धूर झाला की वाजणारा भोंगा बसवलेला असतो. मोहरी टाकण्याआधी खिडकी उघडा.

व्हिएन्ना: इथे शाळा भरते

पहिला धडा अभिवादनाचा. दुकानात शिरताना, लिफ्टमध्ये, डॉक्टरच्या बाहेरच्या खोलीत, सगळीकडे 'ग्रुस गॉट'. निघताना 'आउफ व्हीडरझेन'. आपण दुकानात शिरून थेट वस्तूकडे बोट दाखवतो, ते तिथे उद्धट वाटतं. आधी नजर, मग नमस्कार, मग काम. आमच्यात तिकिटं आणि नकाशे माझ्याकडे आणि बोलायचं खातं नवऱ्याकडे असतं. हे वाटप मी सगळ्या जोडप्यांना सुचवेन, नाहीतर दोघंही एकाच फोनमध्ये डोकं घालून उभी राहतात. त्याचं जर्मन पावाच्या दुकानापुरतंच आहे, पण तिसऱ्या सकाळी काउंटरपलीकडच्या बाईंनी त्याच्या आधीच 'ग्रुस गॉट' म्हटलं आणि त्याला हवा असलेला राईचा पाव न विचारता खाली काढला. त्या दिवशी तो संग्रहालयात फारसा रमला नाही, पावाबद्दलच बोलत होता.

दुसरा धडा रविवारचा. ऑस्ट्रियात शनिवारी संध्याकाळी सहाला सुपरमार्केट बंद होतात आणि सोमवारी सकाळी उघडतात. रविवारी फक्त मोठ्या रेल्वे स्थानकांतली दुकानं चालू, आणि तिथे अर्ध्या शहराची रांग. म्हणून म्हटलं शनिवारी संध्याकाळी उतरू नका. शुक्रवारीच दूध, पाव, बटाटे आणून ठेवा. स्लोव्हेनियातही २०२० पासून रविवारी बहुतेक दुकानं बंद ठेवायचा कायदा आहे. प्लास्टिकच्या बाटल्या आणि पत्र्याचे डबे फेकू नका. जानेवारी २०२५ पासून ऑस्ट्रियात प्रत्येकावर २५ सेंट अनामत असते, ती सुपरमार्केटातल्या यंत्रात परत मिळते. बाटली चेपलेली नको आणि वरचं लेबल शाबूत हवं. पाणी मात्र विकत घेऊच नका. नळाला आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं, पहिली जलवाहिनी १८७३ मध्ये सुरू झाली.

*कॉफीघरात.* आत जाऊन मोकळं टेबल धरा, कोट अडकवा, बसा. काळ्या कोटातला वेटर त्याच्या वेळेने येईल. हात हलवून बोलावू नका, नजर भेटली की पुरे. 'मेलाँज', म्हणजे फेसाळ दुधाची कॉफी, मागितलीत की चांदीसारख्या छोट्या तबकात कॉफी येते, शेजारी पाण्याचा ग्लास आणि ग्लासावर आडवा, पालथा ठेवलेला चमचा. लाकडी दांडीला लावलेली वर्तमानपत्रं भिंतीशी टांगलेली असतात. एका कॉफीवर दोन तास बसलात तरी कुणी उठवत नाही, उलट पाणी पुन्हा भरून देतात. ऑस्ट्रियाने २०११ मध्ये ही कॉफीघर-संस्कृती युनेस्कोसाठीच्या आपल्या राष्ट्रीय वारसायादीत नोंदवली. मात्र दोघांत एक कॉफी मागवू नका, प्रत्येकाची वेगळी ऑर्डर हवी.

बिल द्यायचं ते 'त्सालेन, बिट्टे' म्हणून. बक्षिशी टेबलावर ठेवायची नसते, पैसे देताना तोंडी सांगायची असते. बिल १८ युरो ४० सेंट झालं, तर नोट पुढे करताना 'वीस' म्हणा. तो उरलेले परत देईल. पाच ते दहा टक्के हा तिथला अंदाज.

*ऑपेरात उभं राहून.* व्हिएन्नाच्या सरकारी ऑपेरात उभं राहून पाहायची तिकिटं बसायच्या तिकिटापेक्षा कितीतरी स्वस्त मिळतात. जागा मिळाली की समोरच्या कठड्याला मफलर किंवा ओढणी बांधून ठेवायची. ती जागा मग तुमची, पाणी पिऊन या. असा बांधलेला मफलर कुणी काढत नाही. कोट आणि पाठपिशवी खाली जमा करावीच लागते. सूट-टायची गरज नाही, पण अर्धी चड्डी नको. तीन तास उभं राहणं जड जात असेल तर मध्यंतरानंतर निघा. त्यात काही कमीपणा नाही, बरेच जण निघतात.

*होयरिगर.* म्हणजे मळेवाल्याच्या अंगणातला वाईनचा गुत्ता. या गावातली माझी सर्वांत आवडती गोष्ट हीच, म्हणून जरा सविस्तर. व्हिएन्नाच्या हद्दीतच द्राक्षांचे मळे आहेत. १७८४ मध्ये सम्राट योसेफ दुसरा याने शेतकऱ्यांना आपल्या मळ्यातली वाईन आणि आपल्या घरचं खाणं थेट विकायची मुभा दिली. तेव्हापासून मळेवाले वर्षातले काही आठवडे आपलं अंगण उघडतात. आपल्याकडे हुरड्याच्या दिवसांत शेतावर जातात, त्याच धाटणीचं. उघडं आहे हे कळतं ते फाटकावर टांगलेल्या पाइनच्या फांदीवरून. फांदी नसेल तर घंटी वाजवू नका, त्यांची सुटी चालू आहे.

ग्रिंत्सिंगला ३८ नंबरची ट्राम जाते, पण तिथे पर्यटकांच्या बसही जातात. मी ३१ नंबरने श्टामर्सडोर्फला शेवटच्या थांब्यापर्यंत जा म्हणेन. आत लांब बाकं असतात आणि ती सर्वांची असतात. बसलेल्यांना 'इस्ट हियर नॉख फ्राय?', म्हणजे इथे जागा आहे का, असं विचारून टेकायचं. वाईन टेबलावर येते, पाव लिटर किंवा अष्टमांश लिटरच्या मापात. खाणं मात्र आत काउंटरवर जाऊन स्वतः निवडायचं आणि बऱ्याच ठिकाणी तिथेच पैसे द्यायचे. रोख जवळ ठेवा. अनेक जातींची द्राक्षं एकाच मळ्यात लावून एकत्र तोडून केलेली 'गेमिश्टर झाट्झ' ही खास इथली. न पिणाऱ्यांना द्राक्षरस मागता येतो, त्यात कुणाला काही वाटत नाही. सप्टेंबरअखेर गेलात तर अर्धवट आंबलेला, गढूळ, गोड 'श्टुर्म' मिळतो. लागतो सरबतासारखा, चढतो मात्र वाईनसारखा. ग्लास भिडवताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहायचं, टेबलावरच्या प्रत्येकाच्या. यात ते गंमत करत नाहीत.

शाकाहारींनी लिप्टाउअर हे लाल मिरचीपूड घातलेलं चीज, बटाट्याचं सॅलड, लोणची, पाव असं घ्यावं. पांढरं, लोण्यासारखं दिसणारं 'श्माल्झ' ही डुकराची चरबी असते. आणि पॅनकेकच्या पट्ट्या घातलेलं फ्रिटाटेन सूप दिसायला शाकाहारी असलं तरी गोमांसाच्या पाण्यातलं असतं. 'व्हेगेटारिश' एवढ्याने भागत नाही, 'ओने फ्लाइशब्रूए' म्हणजे मांसाच्या अर्काशिवाय, असं लिहूनच ठेवा.

रेल्वेने पुढे

व्हिएन्ना ते लुब्लियाना सहा तासांच्या आसपास लागतात. सुमारे तासाभराने ग्लॉग्निट्झ येतं आणि गाडी झेमरिंगचा घाट चढायला लागते. ग्लॉग्निट्झ ते म्युर्त्सत्सुश्लाग हा ४१ किलोमीटरचा मार्ग कार्ल फॉन गेगा याने १८४८ ते १८५४ मध्ये बांधला आणि १९९८ मध्ये तो जागतिक वारसायादीत गेला. तोवर डबा खाऊन घ्या, मग खिडकी सोडवत नाही. थेट गाडी रोज फारशी नसते, म्हणून ऑस्ट्रियन रेल्वेच्या साइटवर लवकर तिकीट काढा आणि चार पैसे जास्त देऊन जागा राखून ठेवा. रेल्वेचं तिकीट काढलं म्हणजे बसायची जागा मिळाली असं तिथे नसतं.

डब्यात फोनवर बोलायचंच झालं तर दारापाशी जाऊन हळू बोला. स्पीकर लावून नातवंडाला 'बघ, बोगदा आला' दाखवणं शांत डब्यात फारच खटकतं.

इटलीत शिरल्यावर दोन नियम वेगळे. स्थानिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यायचं, आणि फोनवरचं असेल तर दुव्यावर जाऊन 'चेक-इन' करायचं. नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. दुसरं म्हणजे संप. 'शोपेरो' तिथे आधी जाहीर होतो, आणि कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात ठरावीक गाड्या चालवाव्याच लागतात. मुक्काम हलवायच्या आदल्या आठवड्यात बातम्या पाहा आणि गरज पडली तर सकाळची गाडी धरा.

लुब्लियाना

इथे थांबायचं ते दम खायला. गावाचा मध्यभाग मोटारींना बंद आहे. योझे प्लेच्निक या वास्तुविशारदाने नदीकाठ, तिहेरी पूल आणि बाजाराची कमानींची ओळ घडवली. त्याची इथली कामं २०२१ पासून जागतिक वारसायादीत आहेत. नमस्काराला 'दोबेर दान' म्हणा, सकाळी बाजारातून भाजी आणा. मार्च ते ऑक्टोबरात पाऊस नसेल तर शुक्रवारी भरणाऱ्या खाऊबाजारात, ओद्पर्ता कुह्नात, जेवा. पायी चालवत नसेल तर मधल्या भागात छोट्या विजेच्या गाड्या फुकट फिरवतात, हात केला की थांबतात.

त्रिएस्ते: कॉफीची वेगळीच बाराखडी

इथलं बंदर १७१९ मध्ये करमुक्त झालं आणि कॉफीची पोती इथूनच मध्य युरोपात जायला लागली. त्यामुळे बाकीच्या इटलीत चालणारी ऑर्डर इथे चालत नाही. साधी एस्प्रेसो हवी तर 'नेरो' म्हणा. छोट्या कपात दुधाचा फेस घातलेली हवी तर 'कापो', आणि तीच काचेच्या ग्लासात हवी तर 'कापो इन बी'. काउंटरशी उभं राहून प्यायलात तर स्वस्त, टेबलावर बसलात तर दर वेगळा. दोन्ही दर लावलेले असतात. काही ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती काउंटरवर ठेवायची, काही ठिकाणी पिऊन झाल्यावर द्यायचे. दोन मिनिटं दाराशी उभं राहून इतरांचं पाहा, कळतं. व्हिएन्नासारखं बसायचं असेल तर १९१४ चं काफे सान मार्को आहे, तिथे पुस्तकांचं दुकानही आहे.

आणि मग ओस्मित्सा. व्हिएन्नातली ती १७८४ ची मुभा इथेही लागू होती. त्रिएस्तेच्या मागच्या कार्स्ट पठारावरचे स्लोव्हेन शेतकरी अजूनही वर्षातले मोजके दिवस घर उघडतात. इथे पाइनच्या जागी आयव्हीची फांदी, आणि तिच्याखाली लाल बाण. बाणामागून बाण शोधत गावातल्या गल्लीत शिरायचं. आज कुठलं घर उघडं आहे हे सांगणाऱ्या साइट आहेत, सकाळी पाहून निघा. परतीची बस कितीला आहे तेही तेव्हाच पाहा, कारण वर टॅक्सी सहज मिळत नाही. घरची वाईन, उकडलेली अंडी, चीज, लोणची, पाव आणि मांस खाणाऱ्यांसाठी घरचं हॅम, एवढाच फळा. गरम जेवणाची अपेक्षा ठेवू नका. ऑर्डर द्यायला आपणच खिडकीशी जायचं. 'बुओनासेरा' आणि 'दोबेर दान' दोन्ही चालतात. स्लोव्हेन बोललात तर चीजचा तुकडा मोठा येतो, असा माझा संशय आहे.

जाड कोट नसला तरी वारा अडवणारं काहीतरी हवंच. 'बोरा' सुटला की छत्री उघडण्यात अर्थ नसतो.

बोलोन्या

पाऊस असो की ऊन, इथे डोक्यावर छप्पर असतं. शहरात मिळून ६२ किलोमीटर कमानींच्या ओसऱ्या आहेत, २०२१ पासून त्याही वारसायादीत. टेकडीवरच्या सान लुका देवळापर्यंत जाणारी ओसरी पावणेचार किलोमीटरची आणि ६६६ कमानींची. शेवटचा भाग खडा चढ आहे, दोघांपैकी एकाला जमत नसेल तर वर जाणारी पर्यटकांची छोटी गाडी घ्यावी आणि देवळापाशी भेटावं. देवळात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. दोन कलत्या मनोऱ्यांपैकी गारिसेंदा २०२३ पासून धोक्यामुळे वेढून ठेवलाय, आणि शेजारचा आसिनेल्लीही तेव्हाच बंद केला. तेव्हा वर चढायचा बेत त्या भरवशावर आखू नका. एरवीही विद्यार्थी पदवी मिळण्याआधी आसिनेल्ली चढत नाहीत, नापास होतो म्हणे. १०८८ पासूनचं विद्यापीठ आहे, अनुभव असेल.

भाजीच्या गाड्यावर फळ दाबून पाहू नका. काय हवं ते सांगायचं, देणारा निवडून देतो. 'आजच खायचंय की उद्या' असंही विचारतो. सुपरमार्केटात उलट: प्लास्टिकचा हातमोजा घालायचा, टोमॅटो पिशवीत भरायचे, फळीवरचा नंबर लक्षात ठेवायचा, वजनकाट्यावर तोच नंबर दाबायचा आणि चिकटपट्टी पिशवीवर लावायची. हे विसरून गल्ल्यावर पोचलात की मागची रांग गप्प बसते, पण पाहते.

जेवणाच्या वेळा पाळाव्याच लागतात. दुपारी साडेबारा ते अडीच, रात्री साडेसातनंतर. मधे स्वयंपाकघर बंद. पाचला भूक लागली तर पिझ्झाचा तुकडा किंवा आइस्क्रीम. दुधाळ कॉफी सकाळची, जेवणानंतर फक्त एस्प्रेसो. मागितलीत तर कापुचिनो देतील, नाही म्हणणार नाहीत. बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी दोन-तीन युरो लावलेले असतात, ते फसवणं नव्हे, टेबलाचं भाडं. त्यामुळे वेगळी बक्षिशी द्यावीच असं नाही. बिल मागितल्याशिवाय आणत नाहीत. वेटर विसरलेला नसतो, तुम्हाला हाकलणं त्याला बरं वाटत नाही, इतकंच.

शाकाहारींसाठी: 'तोर्तेल्लिनी' म्हणजे छोट्या, त्यांत डुकराचं मांस. 'तोर्तेल्लोनी' म्हणजे मोठ्या, त्यांत सहसा रिकोटा चीज. एका अक्षराचा फरक, बोट ठेवून मागा. लोणी आणि सेजच्या पानांतल्या तोर्तेल्लोनी मिळाल्या तर दुसरं काही पाहू नका. पार्मिजानो चीजमध्ये दूध फाडायला वापरलेलं वासराच्या पोटातलं रेनेट असतं. ज्यांना ते चालत नाही त्यांनी 'सेन्झा पार्मिजानो' आधीच सांगावं, कारण ते वरून भुरभुरून येतं.

एक संध्याकाळ ओस्तेरिया देल सोले या १४६५ पासूनच्या गुत्त्यासाठी ठेवा. तिथे फक्त पेय मिळतं, खाणं आपण न्यायचं. क्वाद्रिलातेरो या जुन्या बाजाराच्या गल्ल्यांतून पाव, ऑलिव्ह, चीज, फळं विकत घ्यायची, कागदाच्या पुड्या टेबलावर उघडायच्या आणि वाईन त्यांच्याकडून घ्यायची. पुड्या परत गुंडाळून टेबल स्वच्छ करून उठायचं. आम्ही शेजारच्या टेबलाला लसणीची चटणी दिली होती. त्यांनी पावावर घेऊन खाल्ली आणि मग बराच वेळ पाणी प्यायले.

पैसे आणि निघायची तयारी

कार्डाचं यंत्र 'रुपयांत की युरोत' असं विचारेल, तेव्हा नेहमी युरो निवडा. रुपये निवडलेत तर दर त्यांच्या मर्जीचा लागतो. दोघांची कार्डं वेगवेगळ्या बँकांची आणि वेगवेगळ्या खिशांत ठेवा. सार्वजनिक शौचालयांसाठी सुटी नाणी हवीत. अडचणीसाठी सगळीकडे ११२ हा एकच नंबर. आठवड्यातून एक दुपार दोघांनी वेगवेगळी घालवा, हेही सोयीच्या यादीतच धरा. महिनाभर चोवीस तास एकत्र राहायची सवय कितीही जुन्या जोडप्याला नसते.

मोठी खरेदी केली असेल तर विक्रीकर परत मागता येतो. इटलीत एका दुकानातली खरेदी ७० युरोंच्या वर, ऑस्ट्रियात ७५ च्या वर असावी लागते. घेतानाच पासपोर्ट दाखवून फॉर्म मागा. त्यावरची मोहोर संघ सोडताना, शेवटच्या विमानतळावर मिळते. म्हणजे व्हिएन्नातल्या कोटाचा फॉर्मही बोलोन्यात किंवा व्हेनिसलाच उमटवायचा. विमान मधे युरोपातच दुसरीकडे बदलत असेल तर नेमकी मोहोर कुठे, ते बॅग जमा करताना विचारून घ्या. वस्तू दाखवायला सांगू शकतात, तेव्हा ती हातातल्या बॅगेत ठेवा किंवा बॅग देण्याआधी कस्टम्सच्या खिडकीवर जा. वाईनच्या बाटल्या मात्र कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत. भारतात माणशी दोन लिटरपर्यंत शुल्क लागत नाही, म्हणजे दोघांच्या मिळून पाऊण लिटरच्या पाच बाटल्या. विमानतळावर तीन तास आधी पोचा, ठसे बाहेर पडतानाही तपासतात.